पगाराविषयी बोललं कोण?

विद्यानगर, हुबळी
१८ नोव्हेंबर २०२४

वेदा,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण माझा फोन दिवसभर दुकानात गल्ल्याजवळ पडलेला असतो. त्यावरचे मेसेज तिथल्या संगणकावरही उघडतात, आणि सध्या त्या संगणकासमोर तुझे अण्णाच बसलेले असतात. म्हणून हे पोस्टाने. उत्तर आमच्या घरी पाठवू नकोस. मागच्या गल्लीतल्या सुमनअक्कांचा पत्ता पाकिटावर लिहिलाय, तिथे पाठव. त्यांना मी सांगून ठेवलंय.

तुझा अहवाल शुक्रवारी आला. हे आधी खूश होते. आमच्या दुकानातली माणसं पगारावर किती समाधानी आहेत याचा धारवाडच्या विद्यापीठातून अभ्यास होतोय, आणि करणारी आमचीच चुलत बहीण आहे, असं यांनी व्यापारी संघात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाकीट गल्ल्यावरच फोडलं. पगार वेळेवर मिळतो यावर सगळ्यांनी तुझ्या कागदावरच्या चित्रांतला हसरा चेहरा निवडलाय म्हटल्यावर मान डोलावली. पगारवाढीच्या प्रश्नावर पडलेले चेहरे जास्त आहेत, तेही गिळलं. मग शेवटचं पान आलं, ‘कर्मचाऱ्यांच्या शब्दांत’ असं लिहिलेलं.

“इथं पगार मागितला की आम्ही घरचे होतो, आणि घरच्यासारखं काही मागितलं की नोकर होतो.”

हे यांनी मोठ्याने वाचलं. दुकान भरलेलं होतं, लग्नसराईचे दिवस. काउंटरवरची शालिनी कुणाला तरी इरकल साडी उलगडून दाखवत होती, तिचा हात तसाच राहिला. “कोण म्हणालं हे?” यांनी विचारलं. मग हे मारुतीकडे बघत राहिले.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. दसऱ्याआधी मारुतीने पगारवाढ मागितली होती. तेव्हा हे म्हणाले होते, “अरे मारुती, तू तर घरचाच आहेस. बघू.” मी तिथेच होते. आता ते वाक्य यांना त्या उत्तराचाच टोला वाटतंय.

मला एवढंच सांग, मारुती होता का? नसेल तर नुसतं ‘नाही’ लिही, पुढचं मी यांना पटवीन. असेल तर मी त्याला आधी सावध तरी करीन. माणूस अप्पांच्या वेळेपासून आमच्याकडे आहे. माझे सासरे म्हणून सांगत नाही, पण अप्पा आता रोज दुकानात येत नाहीत म्हणून हे सगळं चाललंय.

लवकर लिही.

श्रीलक्ष्मी वहिनी

⁂

सप्तापूर, धारवाड
२१ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चूक माझी आहे. वाक्याखाली नाव नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. वाक्यालाही चेहरा असतो हे कळायला हवं होतं. ते छापायलाच नको होतं.

पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला देता येत नाही. गोदामाच्या माडीवर एकेकाला बसवून, दार लावून, मी कन्नडमध्ये प्रत्येकाला शब्द दिला होता की तुम्ही काय बोललात ते या खोलीबाहेर तुमच्या नावाने जाणार नाही. त्यावर विश्वास ठेवूनच माणसं बोलली. दोघी-तिघी तर आधी दाराकडे बघत होत्या, मग हळूहळू बोलल्या. आता मी ‘मारुती नाही’ एवढं जरी लिहिलं, तरी अण्णा उरलेल्यांकडे बघायला लागतील. मग शालिनी नाही, मग आणखी कोणी नाही. शेवटी एक नाव उरेलच.

आणखी एक लिहिते, रागावू नका. हे पत्र तुम्ही आपणहून लिहिलंत ना? की अण्णांनी लिहायला सांगितलं? वहिनीने विचारलं तर वेदा सांगेल, असं त्यांना वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं. तसं असेल तर त्यांना सांगा की वेदा नाही म्हणाली.

अण्णांना एकदा शांतपणे पान दोन वाचायला द्या. लोकांचं दुखणं पगार कमी आहे एवढ्यापुरतं नाही. कुणाचा किती वाढला आणि का वाढला, हे कुणालाच कळत नाही, तिथे ते जास्त आहे.

वेदश्री

⁂

विद्यानगर
२५ नोव्हेंबर

वेदश्री,

अण्णांनी लिहायला सांगितलं का, असं विचारलंस. सुमनअक्कांच्या ओसरीवर उभ्या उभ्या वाचलं, आणि त्यांच्यासमोर तोंड कसं ठेवावं कळेना. नवऱ्याची हेर म्हणून पत्रं लिहिणारी बाई वाटले तुला? असू दे.

मारुतीला शनिवारी काउंटरवरून काढलं. दुकानामागच्या गल्लीतल्या गोदामात पाठवलंय, गठ्ठे फोडायला. गुडघा धरून जिना चढतो. पैठणी कुठली आणि नक्कल कुठली हे नुसत्या हाताने सांगणारा माणूस, गिऱ्हाइकं त्याचं नाव घेऊन येतात. त्याच दिवशी एक आजीबाई गदगहून नातीच्या लग्नाची खरेदी करायला आल्या, मारुती कुठाय विचारलं. हे म्हणाले, रजेवर आहे. गोदाम तिथून हाकेच्या अंतरावर.

उरलेल्यांना हे एकेक करून आत बोलावतात. काय विचारतात ते मला ऐकू येत नाही, पण बाहेर येणारी तोंडं दिसतात. शालिनी डोळे पुसत आली आणि सरळ साड्यांच्या घड्या घालायला लागली. दुपारी सगळे माडीवर एकत्र जेवायचे, ते आता कुणी या कोपऱ्यात, कुणी त्या. यांनी सांगून टाकलंय, की नाव कळलं नाही तर महिनाअखेरीनंतर मारुतीचा हिशोब करून त्याला मोकळं करणार.

तुझा शब्द तू पाळतेस, पाळ. पण त्याची झळ गोदामात कुणाला लागतेय ते बघून जा.

आणि सगळ्यांना विचारलंस, सगळ्यांना, त्या झाडलोट करणाऱ्या गंगव्वालाही विचारलंस. मीही आले होते त्या दिवशी माडीवर. आठवतं? तुझ्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. तू हसलीस. म्हणालीस, “वहिनी, तुम्ही तर मालकीणबाई. तुम्हाला कसला पगार?” मीही हसले आणि चहा पाठवते म्हणून उठले.

सकाळी दुकान उघडल्यापासून मी गल्ल्यावर असते. जीएसटीचे कागद मी करते, सुरतच्या व्यापाऱ्यांशी मी बोलते. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला तिला काहीतरी द्यायचं होतं, माझं म्हणून. यांना विचारलं. हे मनाने वाईट नाहीत, लगेच म्हणाले, “विचारतेस काय? घे की गल्ल्यातून.” घेतले. संध्याकाळी गल्ला मोजताना मलाच म्हणाले, “आज कमी कसे?” विसरले होते, बास एवढंच. मी आठवण करून दिली, हे म्हणाले, “हां हां.” मी त्या ‘हां हां’वर अजून अडकून बसलेय.

हे तुला का लिहितेय कोण जाणे. तुझ्या पुस्तकात घालू नकोस.

वहिनी

⁂

दुर्गदबैल, हुबळी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. वेदश्रीस,

दुकानाच्या कागदावर लिहितोय, कारण हे काम दुकानाचं आहे.

काकांनी तुला माझ्या भरवशावर निपाणीहून धारवाडला पाठवलं. तू म्हणालीस, हुबळीच्या बाजारात कुणी आत घेत नाही. मी संघात शब्द टाकला आणि दुकानं उघडून दिली. त्याची ही परतफेड?

पगार, पगार. कोविडमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी कुणाचा पगार कापला नाही. शेजारच्यांनी माणसं घरी बसवली. मारुतीच्या थोरलीच्या लग्नात सगळं कापड इथून गेलं, बिल फाडलं नाही. आजारपण, शाळेच्या फिया, काय काय. हे तुझ्या हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांच्या कागदात कुठं मांडलंस? अप्पांनी आम्हाला शिकवलं की माणसं पोटच्यासारखी सांभाळायची. ती सांभाळली. आणि भर गिऱ्हाइकांत मला हे वाचायला मिळतं की इथं ती नोकर होतात.

भर गिऱ्हाइकांत मीच वाचलं, खरं आहे. पण लिहिणाऱ्याने लिहिलं म्हणून वाचलं.

मला ते नाव हवंय. घरात कोण आपलं आणि कोण नाही, हे कळायचा मला हक्क आहे. पुढच्या शनिवारपर्यंत वाट बघेन. नंतर तुझ्या अभ्यासासाठी दिलेली परवानगी मी परत घेईन आणि संघातल्या बाकीच्या दुकानदारांनाही तेच सांगेन. तुझ्या मार्गदर्शक मॅडमना पत्र जाईल. काकांनाही कळवावं लागेल.

तुझा,
प्रभंजन

⁂

सप्तापूर, धारवाड
१ डिसेंबर २०२४

अण्णा,

तुम्ही लिहिलंत ते सगळं अहवालात आहे. पान तीन बघा. कोविडमधल्या पगाराची गोष्ट मी न विचारता बऱ्याच जणांनी सांगितली, सांगताना आवाज भरून आला होता. ज्यांनी पगारवाढीपुढे रडका चेहरा निवडला, त्यांनीही. माणूस उपकार मानू शकतो आणि त्याच वेळी पगाराबद्दल नाराजही असू शकतो. दोन्ही मोजायला मी आले होते.

ते वाक्य छापलं ही माझी चूक. त्याची शिक्षा मला करा.

नाव मी सांगणार नाही. अमुक माणूस बोलला, हे सांगणार नाही आणि अमुक माणूस बोलला नाही, हेही सांगणार नाही. आज नाही, शनिवारी नाही, बाबांनी विचारलं तरी नाही. परवानगी परत घेतलीत तर माझी शिष्यवृत्ती संपेपर्यंत दुसरी दुकानं मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही.

मारुतीमामांना काउंटरवर परत आणा, अशी विनंती करते. ते बोलले म्हणून किंवा बोलले नाहीत म्हणून नव्हे.

वेदश्री

⁂

सप्तापूर, धारवाड
३ डिसेंबर २०२४

वहिनी,

आधी माफी. तुमच्यावर संशय घेतला त्याची, आणि त्या खुर्चीतून तुम्हाला उठवलं त्याचीही. माझ्या व्याख्येत कर्मचारी म्हणजे ज्याला पगार मिळतो तो. पगारच मिळत नाही, त्याला पगाराबद्दल काय विचारायचं, असं मी धरून चालले होते. मी हसले हे मला आठवतही नव्हतं.

तुम्ही बघून जा म्हणालात म्हणून काल आले होते. चिगरी बसने हुबळीला उतरले, दुकानाच्या समोरून न जाता मागच्या गल्लीने गोदामात गेले. मारुतीमामा गठ्ठ्यावर बसून सुतळी सोडवत होते. मला बघितल्यावर आधी गल्लीत डोकावून आले, मग म्हणाले, “अक्का, तुम्ही इथं कशाला आलात? कुणी बघितलं तर माझंच नाव पक्कं होईल.”

एवढंही मला सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, “मामा, मी काय करू ते सांगा. तुम्हाला यातून सोडवायला काय करू?”

“तुम्ही?” ते म्हणाले. “तुम्ही चांगल्या घरच्या मुली. बसवलंत, चेहरे दाखवलेत, गोड बोललात. आम्हीही बोललो. तुमच्या नावापुढं डॉक्टर लागेल. माझ्या नावापुढं काय लागलं, बघताय ना?” आणि हातातली सुतळी दाखवली. मग स्वतःच थोडे खजील झाले. “बिडरी,” म्हणाले, सोडून द्या म्हणून. “मालकांना सांगू नका, मी असं बोललो.”

मी त्यांना म्हटलं, तुम्ही मोकळीक दिलीत तर मी फक्त तुमच्यापुरतं अण्णांना सांगेन, जे काही असेल ते. मला वाटलं, हो म्हणतील. ते म्हणाले, “आणि मग मालक शालिनीला आत बोलावतील. तिला परत रडताना मला बघवायचं नाही. तिच्या आईला मी सांगून आलोय, पोरीला सांभाळीन म्हणून. तुम्ही जा अक्का.”

मी आले. बसमध्ये वाटेतलं नवलूर मागे गेलं कधी ते कळलं नाही.

अण्णांना माझं उत्तर पोचलं असेल. शनिवार जवळ आलाय. मला काही सुचत नाही, वहिनी. माझा शब्द मोडला तर एकाचं नुकसान, पाळला तर दुसऱ्याचं. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, शब्द पाळ. त्यांचं बरोबर आहे, पण त्यांनी ते गोदाम बघितलेलं नाही.

तुमची,
वेदा

⁂

विद्यानगर
८ डिसेंबर

वेदा,

काल शनिवार होता. सकाळी दुकानात जाताना हे मला म्हणाले, “संध्याकाळी मारुतीचा हिशोब तयार ठेव.” मी तयार केला. पगार, बोनस, किती वर्षांचं काय देणं होतं ते सगळं लावलं. एकही रुपया कमी लावला नाही. कागद पर्समध्ये घातला आणि घरी आणला.

जेवायला अप्पा होते, हे होते, मी वाढत होते. यांनी विचारलं, “हिशोब झाला?” मी म्हटलं, “झाला. पण तो मारुतीला द्यायचा नाही.”

“का?”

“ते वाक्य मारुतीचं नाही. माझं आहे.”

हे हसले, खरंच हसले. “तुझं? तुला कुणी विचारलं होतं?”

“मी माडीवर गेले होते त्या दिवशी. वेदासमोर बसले होते. शालिनीने बघितलंय, विचारा.” यातलं एकही अक्षर खोटं नाही, हे तुलाही माहीत आहे.

“अगं, पण तुला पगार आहे कुठं?”

मी भाताचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, “तेच तर.”

वेदा, मी तिथे थांबणार होते. एवढं पुरे होतं. पण पुढचं आपोआप आलं. म्हटलं, “मी गल्ल्यावर बसते तेव्हा घरची असते, म्हणून पगार नाही. गल्ल्यातले आईसाठी घेतले तेव्हा हिशोब द्यावा लागला, तेव्हा मी कोण होते?” हे म्हणाले, “मी हिशोब मागितला? कधी?” त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मी तारीख सांगितली.

अप्पांचा घास हातातच राहिला होता. ते यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. मग म्हणाले, “प्रभंजन, मी तुझ्या आईला कधी पगार दिला नाही.” एवढंच. ते कशाच्या बाजूने बोलले मला अजून कळलेलं नाही. जेवण अर्ध्यावर टाकून उठले. वेणूबाई, माझ्या सासूबाई, गेल्यापासून अप्पा पान टाकून उठल्याचं मी बघितलं नव्हतं.

हे मला एवढंच म्हणाले, “दुकानात सगळ्यांना वाटतंय मारुती. आणि तू इतके दिवस गप्प बसलीस?” खोट्यालाही मग आणखी खोटं लागतं, बघ. म्हटलं, “धीर होत नव्हता.” आणि हे मात्र खोटं नव्हतं.

आता हे तुला विचारणार. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. खरं बोलू नको असंही म्हणत नाही. तुला काय लिहायचं ते तू ठरव. फक्त मी असं का केलं ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आधी लिहिलं.

वहिनी

⁂

दुर्गदबैल, हुबळी
९ डिसेंबर २०२४

वेदश्री,

श्रीलक्ष्मी म्हणते ते वाक्य तिचं. खरं आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मारुतीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

प्रभंजन

⁂

सप्तापूर, धारवाड
१२ डिसेंबर २०२४

अण्णा,

तीन कागद फाडले, हा चौथा.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की कोण बोललं आणि कोण बोललं नाही, दोन्ही सांगणार नाही. वहिनींसाठी तो नियम बदलता येत नाही. तुम्ही याला हो समजाल किंवा नाही समजाल, मी अडवू शकत नाही.

पण एक विचारते. वहिनींनी सांगितलं तेव्हा, ही असं म्हणूच शकत नाही, असं तुम्हाला वाटलं का? तसं वाटलं असतं तर तुम्ही मला विचारलं नसतं.

वेदश्री

⁂

सप्तापूर, धारवाड
३० डिसेंबर २०२४

वहिनी,

तुमच्याकडून काहीच नाही. सुमनअक्कांना फोन करायचं मनात आलं, पण तुम्हाला चालेल की नाही कळेना. अण्णांचंही उत्तर नाही. मॅडमना कुणाचं पत्र आलेलं नाही. बाबांचा फोन आला तेव्हा तेच असेल असं वाटलं, पण त्यांनी फक्त संक्रांतीला येणार का विचारलं.

तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तुमच्या दुकानाची सगळी उत्तरं मी प्रबंधातून काढून टाकली. अण्णांनी सांगितलं म्हणून नाही. ज्या ठिकाणी माणसांना बोलल्याची शिक्षा झाली, तिथली उत्तरं मी दुसऱ्या दुकानांच्या उत्तरांच्या शेजारी बसवून, समाधान सरासरी इतकं, असं लिहू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, नमुना लहान होईल, आणखी वर्ष लागेल. लागू दे म्हटलं. मूळ कागद मॅडमच्या समोर बारीक फाडले.

व्यापारी संघातल्या दोन दुकानांनी नको म्हणून कळवलंय. बातमी पोचली असणार. बाकीच्यांनी अजून काही म्हटलेलं नाही.

तुम्ही ठीक आहात ना? एका ओळीचं कार्ड टाकलंत तरी चालेल. मला तुमची काळजी वाटते, आणि माझ्यामुळे तुम्हाला त्या रात्री जेवताना तसं बोलावं लागलं याची टोचणीही.

वेदा

⁂

विद्यानगर
१९ जानेवारी २०२५

वेदा,

हे पत्र घरूनच टाकतेय. उत्तर घरीच पाठव. सुमनअक्का नाराज झाल्या, त्यांना यात रस आला होता.

तुझं उत्तर आलं त्या दिवशी यांनी ते वाचून खिशात घातलं. मला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मारुतीला काउंटरवर बोलावलं. “गोदामातलं काम झालं, ये,” इतकंच. माफी नाही, काही नाही. मारुतीही “बरं मालक” म्हणाला आणि साडी उलगडायला लागला. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. माझ्याशी हे बोलत नव्हते. म्हणजे मीठ दे, किल्ली दे एवढं. मी गल्ल्यावर बसायची आणि हे तिसऱ्या मजल्यावर. डिसेंबर सगळा असा गेला. तुला लिहायला घ्यायची आणि काय लिहू कळायचं नाही, म्हणून राहिलं. एकदा मी म्हटलं, नको असेन तर मी उद्यापासून येत नाही. हे म्हणाले, “मी असं म्हटलंय का?” मी म्हटलं, “तुम्ही काहीच म्हणत नाही.”

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मारुती घरी आला, सकाळी, अप्पांना भेटायला. गांधीनगरच्या एका नव्या दुकानात बोलावलंय म्हणाला, संक्रांतीपासून. अप्पा म्हणाले, “पगार जास्त देतात का?” मारुती म्हणाला, “थोडा. पण किती आणि का ते आधी सांगितलं.” हे आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. बाहेर आले नाहीत. मी मारुतीला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो म्हणाला, “अक्का, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला ठाऊक आहे.” मी म्हटलं, “तुमच्यासाठी म्हणूनच सुरू केलं होतं.” त्याला कळलं की नाही, देव जाणे. पैठणी ओळखणारा हात गेला आमच्याकडून. गेला तो गेलाच.

खरं कोण बोललं, मी विचारणार नाही. दुकानात आता सगळ्यांना वाटतं मी. शालिनी परवा गजरा घेऊन आली माझ्यासाठी. आणला, मी माळला. पुढे काही नाही.

आता कालचं सांगते, त्यासाठीच पत्र. रविवारी दुकान बंद, आज सगळ्यांना फराळाला बोलवायचं होतं, म्हणून काल रात्री दुकानातून आल्यावर मी यादी करत होते. हे येऊन समोर बसले. हातात तुझा अहवाल, पान दोन दुमडलेलं. म्हणाले, “कुणाला किती आणि का, ते एका कागदावर लिहू. भिंतीवर लावू. मारुती गेला तसे आणखी जातील.” मी म्हटलं, “लिहू.”

लिहायला बसलो आणि भांडण. खरं भांडण, मोठ्या आवाजात, महिन्याभराचं साठलेलं. शालिनीला नवीन मुलापेक्षा कमी का? “तो मुलगा आहे, घर चालवतो.” “आणि शालिनी काय चालवते?” गंगव्वाला सुट्टीचे पैसे का कापायचे? हे कागद चुरगळून उठून गेले, पाणी पिऊन परत आले. नवा कागद घेतला. अप्पा बाहेर झोपाळ्यावर होते, ऐकत होते, आले नाहीत. एकेक नाव झालं. काही ठिकाणी हे जिंकले, काही ठिकाणी मी. सगळं बरोबर झालंय असं नाही. पण ‘का’च्या पुढे काहीतरी लिहिलंय, प्रत्येकाच्या.

शेवटी यांनी एक नाव लिहिलं, श्रीलक्ष्मी. काम लिहिलं, गल्ला, कर, खरेदी. मग पेन खाली ठेवलं. “तू सांग किती.”

वेदा, मला सांगता येईना. साड्यांचे भाव मला झोपेत विचार, सांगीन. शालिनीसाठी मी एवढं भांडले. स्वतःचा आकडा तोंडातून निघेना. काहीतरी म्हणायचं म्हणून एक आकडा म्हणाले.

हे म्हणाले, “एवढाच?”

हसून नाही म्हणाले, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच कमी वाटला. आणि मला इतका राग आला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे यांना माहीत होतं. किती होतात ते यांच्या मनात कुठेतरी होतं, इतकी वर्षं. मला माहीत नव्हतं, पण यांना माहीत होतं.

हे लिहायला लागले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “थांबा. तो लिहू नका. मी विचार करून सांगते.”

“आत्ताच सांग की, मी लिहितो.”

“नाही. विचार करते.”

बाहेर झोपाळ्याची कुरकुर थांबली होती. हे पेन हातात धरून बसून राहिले, आणि मी पहिल्या वर्षापासूनची बेरीज करायला सुरुवात केली.

तुझी,
श्रीलक्ष्मी